म्हातारपण लवकर का येतं? ताटाचा आणि वयाचा हिशेब



आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य फार लवकर कानावर पडतं, "आता वय झालं." बाई पंचेचाळिशीची असते. गुडघे धरलेले असतात, हंडा उचलला की दम लागतो, पायांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही. घरचे म्हणतात वय झालं, ती स्वतःही तेच म्हणते, आणि दवाखाना पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. पण पंचेचाळीस हे काही म्हातारपणाचं वय नाही. मग हे लवकर आलेलं म्हातारपण येतं कुठून?

कुणी याला नशीब म्हणतं, कुणी मागच्या जन्माचं फळ म्हणतं. आपण धम्माचे उपासक-उपासिका आहोत. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि कारण बदललं की परिणाम बदलतो, ही आपली शिकवण. जरा, म्हणजे म्हातारपण, कुणाला चुकत नाही. ते केव्हा येणार आणि किती त्रास देणार, यातला मोठा वाटा मात्र कारणांचा आहे. त्या कारणांमध्ये अन्न हे एक मोठं कारण आहे. या पानावर त्याचाच हिशेब मांडते.

वयं दोन असतात

एक वय आधार कार्डावरचं. ते सगळ्यांचं वर्षाला एकाच वर्षाने वाढतं. दुसरं वय शरीराचं. रक्तवाहिन्या किती कडक झाल्या, स्नायू किती उरले, हाडं किती ठिसूळ झाली, मूत्रपिंडं किती काम करतात, यावरून ते ठरतं. हे दुसरं वय कुणाचं सावकाश वाढतं, कुणाचं धावत सुटतं.

या दुसऱ्या वयाचा आणि चयापचयाचा जवळचा संबंध आहे. चयापचय हा शब्द अवघड वाटतो, पण गोष्ट सोपी आहे. आपण खाल्लेल्या अन्नाचं शरीर दोन प्रकारे काम करून घेतं. काही अन्न जाळून ताकद मिळवतं, आणि काही अन्न वापरून मोडतोड दुरुस्त करतं. जुन्या पेशी जातात, नव्या येतात, झिजलेला स्नायू पुन्हा भरला जातो. जाळणं आणि बांधणं, ही दोन्ही कामं मिळून चयापचय. जळण भरपूर आलं आणि दुरुस्तीचं सामान आलंच नाही, तर पोट भरलेलं राहतं आणि शरीर मात्र आतून मोडत जातं. आपल्या वस्त्यांत नेमकं हेच चाललं आहे.

"चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, म्हणून अंग सुटतं," असं सर्रास सांगितलं जातं. २०२१ साली याबद्दल एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतल्या सुमारे ६,४०० लोकांच्या शरीरात रोज किती ऊर्जा खर्च होते, ते त्यात मोजलं होतं. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसापर्यंत सगळे त्यात होते. शरीराच्या आकाराचा हिशेब धरून पाहिलं, तेव्हा २० ते ६० या वयात चयापचयाचा वेग जवळजवळ तसाच राहतो असं दिसलं. साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे चाळिशीत पोट सुटलं, साखर वाढली, तर वयाला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. कारण ताटात, कामाच्या पद्धतीत, झोपेत आणि आपल्या मागच्या पिढ्यांच्या उपासमारीत शोधावं लागेल.

शरीर आतून जुनं कसं होतं

पहिली गोष्ट साखरेची. रक्तातली साखर वाढलेली राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटत जाते. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी याच गोष्टीवर चालते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजलं जातं. अशीच साखर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना, डोळ्यातल्या भिंगाला, कातडीला आणि सांध्यांनाही चिकटते. तिथल्या प्रथिनांची अदलाबदल फार सावकाश होते, त्यामुळे ती कडक होत जातात. मधुमेह असलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, त्यामागे साखरेचाच हात असतो.

दुसरी गोष्ट चरबीची. कातडीखालची चरबी त्या मानाने निरुपद्रवी. पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबी मात्र शरीरात सतत बारीक दाह पेटता ठेवते. बाहेरून ताप नाही, सूज नाही, पण आत रक्तवाहिन्या खराब होत राहतात आणि इन्शुलिनचं काम अडतं.

तिसरी गोष्ट साफसफाईची. आपली प्रत्येक पेशी स्वतःमधला मोडका, खराब झालेला भाग तोडून त्याचं सामान पुन्हा वापरते. ही यंत्रणा कशी चालते हे यीस्टच्या पेशींवर काम करून दाखवल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पेशीला बाहेरून अन्न मिळेनासं झालं की ही सफाई वाढते, आणि अन्न सतत येत राहिलं की मंदावते. दिवसभर दर तासाला चहा-बिस्किट, फरसाण, पुन्हा चहा असं चालू राहिलं, तर शरीराला आवराआवरीसाठी उसंत मिळत नाही. म्हणून दोन जेवणांमध्ये अंतर हवं आणि रात्रीचं जेवण लवकर हवं.

चौथी गोष्ट स्नायूंची, आणि ती सगळ्यात दुर्लक्षित आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतात, साठीनंतर ही घट जोरात होते. स्नायू फक्त ओझं उचलायला लागतात असं नाही. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वात मोठा भाग स्नायूच ओढून घेतात. स्नायू कमी झाले की साखर ठेवायला जागाच उरत नाही. तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि अंथरुणाला खिळतो. म्हातारपणी माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहतो त्याचं एक मोठं कारण हे आहे.

कमी खावं की जास्त खावं?

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाईव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पोषक घटक पुरेसे ठेवून एकूण अन्न कमी दिलेले उंदीर जास्त जगले. तेव्हापासून "कमी खा, जास्त जगा" ही कल्पना जगभर पसरली. पुढे माकडांवर दोन मोठे प्रयोग झाले. एकात कमी खाणारी माकडं जास्त जगली, दुसऱ्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. फरक शोधला तेव्हा एक गोष्ट समोर आली. पहिल्या प्रयोगात पोटभर खाणाऱ्या माकडांच्या खाण्यात साखर खूप होती, दुसऱ्या प्रयोगातलं अन्न मुळातच बरं होतं. म्हणजे किती खातो याच्याइतकंच काय खातो हेही महत्त्वाचं.

बौद्ध साहित्यात या प्रश्नावर दोन गोष्टी आहेत, आणि त्या जोडीने वाचायला हव्यात. पहिली कोसलच्या पसेनदी राजाची. तो इतका जेवायचा की धापा टाकत तथागतांकडे यायचा. ज्याला जेवणाचं माप कळतं त्याचे त्रास कमी होतात आणि त्याला म्हातारपण सावकाश येतं, असा उपदेश तथागतांनी त्याला केला. राजाने एका तरुणाला तो पाठ करून रोज जेवताना म्हणायला सांगितलं, आणि हळूहळू जेवण कमी केलं. त्याचं अंग हलकं झालं.

दुसरी गोष्ट आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची. हरवलेला बैल शोधून तो उशिरा, उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं, मग धम्म सांगितला. पोटात आग असताना माणसाला काही समजत नाही, भूक हाच मोठा रोग आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

एकाला सांगितलं कमी खा, दुसऱ्याला आधी वाढलं. आपल्या एकाच घरात आज पसेनदीही असतो आणि आळवीचा शेतकरीही. मुलगा वडापाव आणि थंड पेयावर वाढतो, आई शेवटी उरलेला भात आणि आमटीचं पाणी घेते. म्हणून "कमी खा" हा सल्ला सरसकट कुणी देत असेल, तर तो कुणाला देतोय ते आधी पाहा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढतं मूल, टीबीचा रुग्ण, वजन घटत चाललेले आजी-आजोबा यांनी कमी खायचं नाही.

बारीक माणसालाही साखर कशी होते?

"मी कुठे जाडी आहे? मला कशाला शुगर होईल?" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. नीट मोजमाप केल्यावर दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला बारीक, आतून चरबीचं.

डॉ. याज्ञिक यांचा लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा एक फोटो जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवतो, आतलं चित्र वेगळंच असतं.

असं का होतं? आई उपाशी असली, रक्त कमी असलं, तर पोटातलं बाळ मिळेल त्यात भागवतं. मेंदू वाचवायचा म्हणून स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यावर काटकसर होते. असं मूल टंचाईसाठी तयार होऊन जन्माला येतं. पुढे त्याला साखर, मैदा, तेल मिळायला लागलं की छोटं स्वादुपिंड आणि थोडे स्नायू यांना ते पेलवत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये मोठी उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांना मोठेपणी साखरेचे आणि हृदयाचे विकार जास्त झाल्याचं तिथल्या संशोधनात दिसलं.

आता आपला इतिहास आठवा. गावकुसाबाहेरच्या आपल्या पिढ्यांना भाकरतुकड्यावर, शिळ्यापाक्यावर जगायला लावलं गेलं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला गेल्या, सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगल्या, आणि त्यातल्या कितीतरी जणी पोटुशी होत्या. त्या वेळी पोटात असलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. भूक एका पिढीची असली, तरी तिचं देणं पुढची पिढी फेडते.

भारतातल्या नऊ राज्यांमधल्या २ कोटींहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली आला. महाराष्ट्र त्यात नव्हता. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचं सरासरी आयुर्मान ३ वर्षांहून जास्त आणि आदिवासींचं ४ वर्षांहून जास्त कमी निघालं. फक्त गरिबी हे कारण धरलं तर हा फरक पूर्ण समजत नाही, असंही त्यात दिसलं. म्हणजे जात वयातूनही वजाबाकी करते.

हे वाचून हताश होऊ नका. टंचाईसाठी घडलेलं शरीर ही सुरुवात आहे, शेवट नाही. अशा शरीराला साखर-मैद्याचा मार लवकर लागतो, त्यामुळे त्याची काळजीही लवकर, तिशीपासूनच घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

रेशनचं ताट आणि त्यातलं खिंडार

अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आपला हक्क आहे आणि त्याने पोट भरतं. पण हे धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू, म्हणजे जळण. दुरुस्तीचं सामान असलेली डाळ त्या कायद्यात नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणसाच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे भात, पोळी, साखर, मैदा यांतून येते. त्याच संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं आहे.

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वय वाढलं की एक ग्रॅम धरावी, कारण म्हाताऱ्या स्नायूला तेवढंच काम करायला जास्त सामान लागतं. ५५ किलोच्या बाईला ढोबळमानाने रोज ५० ते ५५ ग्रॅम.

आता एका नेहमीच्या दिवसाचा हिशेब करू. २०० ग्रॅम तांदळात १४ ग्रॅम, दोन-तीन चपात्यांच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम, पातळ आमटीतून वाट्याला आलेल्या १५ ग्रॅम डाळीत ३ ग्रॅम, चहातल्या दुधात दीड-दोन ग्रॅम. सगळं मिळून तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निम्म्यापेक्षा थोडं जास्त. हे वर्षानुवर्षं चाललं तर स्नायू कुठून टिकणार?

तेच ताट असं बदलून पाहा. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या, म्हणजे १५० ग्रॅम पीठ, १५ ग्रॅम. ७५ ग्रॅम तांदळाचा भात, ५ ग्रॅम. दिवसभरात ६० ग्रॅम डाळ किंवा मटकी, मसूर, हरभरा, १३ ग्रॅम. एक अंडं, ६ ग्रॅम. ४० ग्रॅम फुटाणे-शेंगदाणे, ९ ग्रॅम. एक छोटा पेला दूध, ४ ते ५ ग्रॅम. बेरीज बावन्न-त्रेपन्न. यात महागडं काही नाही. आमटी घट्ट करायची आणि बिस्किटांचे पैसे फुटाण्यांकडे वळवायचे.

आपल्या जुन्या खाण्याची लाज बाळगू नका. सुकट, बोंबील, मासे, कलेजी, अंडी, चुलीवरची ज्वारी-बाजरी, घोळ, तांदुळजा, हरभऱ्याची भाजी यांनीच आपल्या पिढ्यांना उभं ठेवलं. गावाने हिणवलं म्हणून ते खाणं हलकं होत नाही. आपल्या अनेक घरांना स्वस्तात प्रथिनं देणारं बैलाचं मांस २०१५ च्या कायदा दुरुस्तीने महाराष्ट्रात बंद झालं. त्याची जागा ताटात कशाने भरली, हे कुणी विचारलं नाही. आपणच विचारायला हवं, आणि अंडी, कडधान्यं, मासळी यांनी ती जागा भरायला हवी. खारवलेली मासळी दोनदा कोमट पाण्यात धुवून घ्या, मीठ कमी होतं.

बी-१२ हे जीवनसत्त्व फक्त मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो, आणि लोक त्याला वयावर ढकलतात. साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तरीही बी-१२ कमी होऊ शकतं. डॉक्टरांना आपणहून विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

घरात काय बदलता येईल

ताटाचे चार भाग मनात धरा. दोन भाग भाजी-पालेभाजी-कोशिंबीर, एक भाग डाळ-उसळ-अंडं-मासळी, एक भाग भाकरी किंवा भात. आधी भाजी आणि डाळ खा, भात शेवटी. साखर एकदम चढत नाही.

चहा दिवसात दोनदाच, साखर निम्मी. माणशी दिवसाला मीठ एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, त्यात लोणचं-पापड-फरसाणही आलं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. तळणीचं काळं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.

हाडांसाठी नाचणी, तीळ, बारीक काट्यांसकट सुकट, आणि सकाळचं ऊन. पाळी गेल्यावर बायांची हाडं भराभर ठिसूळ होतात, तेव्हा हे आणखी जरुरीचं.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू साखर ओढून घेतात. "दिवसभर राबते, मला व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण झाडू मारणं, धुणीभांडी करणं यात तेच तेच सांधे झिजतात आणि मांड्या-दंडांना हवा तसा ताण मिळत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. दिवसाआड एवढं पुरे.

मशेरी, तंबाखू, गुटखा आणि दारू यांनी रक्तवाहिन्या आणि यकृत अकाली म्हातारे होतात. मशेरी लावल्याने भूक मरते, म्हणून कितीतरी बाया सकाळ काढतात. पाचवं शील घेताना ओठातली मशेरीही आठवा.

आणि एक नियम घरोघर लागू व्हावा. बाईने शेवटी आणि उरलेलं खायचं नाही. ज्या समाजाने पंगतीतला भेद मोडायला आयुष्यं वेचली, त्याच्या स्वयंपाकघरात वेगळी पंगत कशाला?

अष्टशील पाळताना

वर्षावासात आणि पौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. निरोगी माणसाला त्याने अपाय होत नाही. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर उपाशी राहून साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, भोवळ, बेशुद्धी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. असं होतंय असं वाटलं की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये, भन्तेजींनाही तसं मोकळेपणाने सांगावं. औषधाची वेळ सांभाळणं हे शील मोडणं होत नाही.

आपलं खरं वय घरी तपासा

एक, टेपने कंबर मोजा. बायांची ८० सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर आत चरबी साठते आहे.

दोन, हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा ते पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद घटली आहे.

तीन, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीचं कडं करून पोटरीच्या सर्वात जाड भागाभोवती धरा. कडं सैल राहिलं तर स्नायू कमी झालेत.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. आशाताईंना विचारा आणि वर्षातून एकदा जाच. रक्तदाब १४० वर ९० किंवा जास्त, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त निघालं, तर पुन्हा तपासून उपचार सुरू करायचे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. तिथून आहार आणि चालण्याने मागे फिरता येतं.

एक गोष्ट विशेष करून विदर्भातल्या वाचकांसाठी. आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटं कमी दिसू शकतं. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ते खोटं जास्तही दिसू शकतं, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आहे. तेव्हा सिकलसेल असेल किंवा रक्त कमी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

विकतचं तारुण्य

आजकाल वस्तीत ओळखीचंच कुणीतरी डबा घेऊन येतं. ही पावडर घ्या, पेशी तरुण होतील, साखर मुळासकट जाईल. डबा दोन-तीन हजारांचा. उंदरांवरचे किंवा यीस्टवरचे प्रयोग दाखवून माणसाला गोळी विकणं सोपं असतं. वय थांबवणारी कोणतीही पावडर आज सिद्ध झालेली नाही. त्या डब्याच्या पैशांत घरातल्या चार माणसांची महिनाभराची अंडी आणि फुटाणे येतात. आणि "गोळ्या बंद करा, आमचं चूर्ण घ्या" असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

विहारातून सुरुवात

बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते हैराण होते, आणि ६५ व्या वर्षी आपण त्यांना गमावलं. अशा आजारात वर्षं कशी हिरावली जातात, हे आपल्या समाजाइतकं कुणाला कळावं?

म्हणून तीन कामं सुचवते. प्रत्येक विहारात रक्तदाबाचं एक यंत्र, एक वजनकाटा, एक टेप आणि एक वही असावी. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास वस्तीतल्या नर्सिंग शिकलेल्या मुलींनी नोंदी घ्याव्यात. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भोजनदान करताना सरबत-बुंदीच्या जोडीला उकडलेली अंडी, हरभऱ्याची उसळ, ताक ठेवावं. आणि रेशनवर डाळ आणि तेल मिळावं, ही मागणी प्रत्येक महिला मंडळाने लेखी स्वरूपात नगरसेवक, आमदार आणि शिधावाटप कार्यालयाकडे करावी. घट्ट आमटी हा प्रश्न एकट्या बाईच्या हुशारीवर सोडून चालणार नाही, डाळ परवडली तरच आमटी घट्ट होते.

या पौर्णिमेला विहारात जाताना घरातल्या सगळ्यात थोर माणसाला सोबत घ्या आणि त्यांचा रक्तदाब तपासून घ्या. आणि आज रात्री आईचं ताट सगळ्यांसोबत वाढा.

जय भीम!